फारसी गझलेतली लूली: साधक, प्रियकर की नुसती वाजंत्री?

प्रश्न असा आहे: रूमी (तेरावं शतक) आणि हाफिज (चौदावं शतक) या फारसी कवींच्या गझला इंग्रजीतून वाचताना 'जिप्सी' भेटतो. कुठल्या टीपेत तो मुक्त आत्मा असतो, कुठे ईश्वर, तर कुठे सद्गुरू. यातलं खरं काय धरायचं, आणि मराठीत आणताना काय लिहायचं?

आधी सरळ उत्तर देतो. फारसी सूफी कवितेत या पात्राला ठरलेला एक अर्थ नाही. ते कधी दारात उभा असलेला साधक असतं, कधी मन लुटून नेणारा प्रियकर, कधी कवीपेक्षा जास्त झिंगलेला सोबती. काही ठिकाणी तर ते गावात वाजवत फिरणारं माणूसच असतं, बाकी काही नाही. म्हणून 'जिप्सी म्हणजे अमुक' असं कोष्टक करण्यापेक्षा, या शेरात ते कोणाच्या जागी उभं आहे हे पाहावं लागतं. ते कसं पाहायचं ते पुढे सांगतो.

मूळ फारसीत नाव आहे 'लूली', जुन्या ग्रंथांत 'लूरी'. हे लोक मुळात हिंदुस्थानातून आलेले अशी फारसी परंपरेची पक्की समजूत. फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्यात (इ.स. 1010 च्या सुमारास पूर्ण) बहराम गोर या इराणच्या सासानी घराण्यातल्या राजाची गोष्ट आहे. त्याचा काळ पाचव्या शतकाचा पूर्वार्ध. श्रीमंत लोक गाणंबजावणं लावून दारू पितात आणि आम्ही सुकेच, अशी गरिबांची तक्रार त्याच्या कानावर येते. तो हिंदुस्थानच्या शंगुल राजाकडून बर्बत वाजवण्यात तरबेज असे दहा हजार लूरी, बाया आणि पुरुष, मागवून घेतो. बर्बत म्हणजे आखूड मानेचं, ऊदच्या कुळातलं तंतुवाद्य. राजा प्रत्येकाला एक बैल आणि एक गाढव देतो, वर सगळ्यांना मिळून हजार गाढवांवर लादण्याइतके गहू. अट एवढीच की शेती करा आणि गरिबांना फुकट वाजवून दाखवा. लूरी बैल खातात, बियाण्याचे गहूही खातात, आणि वर्षअखेरीस पडलेल्या चेहऱ्यांनी दारात हजर होतात. राजा म्हणतो, गाढवं तर शिल्लक आहेत ना? सामान लादा, तारा जुळवा आणि फिरा. तेव्हापासून ते जगभर भटकताहेत आणि चोऱ्याही करताहेत, असं फिरदौसी म्हणतो. दहाव्या शतकातला इतिहासकार हम्जा इस्फहानी हीच हकिगत अरबीत देतो. त्याच्याकडे आकडा बारा हजार आहे आणि लोकांचं नाव 'जुत्त'. म्हणजे आकडे धरून बसण्यात अर्थ नाही. कवितेच्या वाचकाला कामाचं आहे ते बियाणं खाणं.

फिरदौसीच्या लेखी तो बेजबाबदारपणाच आहे. पण तीच खोड सूफींच्या चौकटीत ठेवून पाहा. 'सूफी इब्नुल-वक्त बाशद ऐ रफीक, नीस्त फर्दा गुफ्तन अज शर्ते-तरीक', असं रूमी 'मसनवी' या आपल्या दीर्घकाव्याच्या पहिल्या दफ्तरात, म्हणजे खंडात, म्हणतो. सूफी हा चालू क्षणाचा पुत्र, 'उद्या' म्हणणं या वाटेच्या नियमात बसत नाही. ज्या माणसाकडे उद्यासाठी बी-बियाणं नाही, तो शेतकरी म्हणून नापास, पण या हिशेबात पास. फिरदौसीची गोष्ट मनात ठेवूनच रूमीने लूली लिहिली, असा दावा मी करणार नाही. पण फारसी वाचकाच्या डोक्यात दोन्ही असतात आणि प्रतीकाला जोर येतो तो तिथून.

दुसरी पार्श्वभूमी विनोदी आहे. हाफिजचा थोडा आधीचा समकालीन उबैद जाकानी याच्या 'रिसाला-ए-दिलगुशा' या किस्स्यांच्या पुस्तकात एक लूली आपल्या पोराला झापतो. तू काहीच करत नाहीस. किती वेळा सांगितलं, कोलांटी शीक, कुत्र्याला कड्यातून उडी मारायला शिकव, दोरावर चालायला शीक. ऐकत नसशील तर देवाशपथ मदरशात टाकीन, तिथली ती मढ्याच्या वारशाची विद्या शिकून विद्वान होशील आणि जन्मभर हलाखीत राहशील, दमडी हाती लागणार नाही. चौदाव्या शतकातल्या शिराजमध्ये लूली म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येत असे, ते इथे नेमकं मिळतं: दोर, कडं, कुत्रा, कोलांटी, आणि मदरशाच्या बरोबर विरुद्ध टोकाचं जग. काचेचा गोळा, हात पाहणारी म्हातारी, रंगीत घोडागाडी हे युरोपी चित्र यात कुठेच नाही. ते डोक्यातून काढल्याशिवाय या ओळी वाचूच नयेत.

आता प्रतीकांच्या याद्यांबद्दल. सूफी प्रतीकांचा अर्थ सांगणारा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे महमूद शबिस्तरीचा 'गुलशने-राज' (1317). त्यात डोळा, ओठ, बटा, तीळ यांचे अर्थ दिलेत. शराब, शमा, शाहिद म्हणजे देखणा तरुण, खराबात म्हणजे उजाड वस्तीतला दारूगुत्ता, मूर्ती, जानवं, ख्रिस्ती पंथ यांचेही दिलेत. लूली त्या यादीत नाही. त्यामुळे 'सूफी परिभाषेत लूली म्हणजे अमुक' असं ठामपणे लिहिणारी टीप दिसली की लेखकाला विचारावं, कुठल्या परिभाषेत? आपल्याकडच्या वाचकाची इथे हमखास गफलत होते, कारण आपले कान भारुडावर पोसलेले. नाथांच्या भारुडात गारुडी किंवा जोशी आला की रूपकाची किल्ली तिथल्या तिथे, बहुतेकदा शेवटच्या कडव्यात, हातात मिळते. गझल किल्ली देत नाही. शेरामागून शेर जागा बदलत जातात आणि अर्थ त्या बदलातून काढावा लागतो.

रूमीपासून सुरुवात करू, कारण त्याच्याकडे दोन टोकं स्वच्छ दिसतात.

दीवाने-शम्स या रूमीच्या गझलसंग्रहातली एक गझल सुरू होते, 'लूलियकाने तूईम, दर बगुशा ऐ सनम'. आम्ही तुझेच फाटके लूली, दार उघड, हे सनम. 'लूलियक' हे लघुत्वाचं रूप आहे, 'बिचारे' अशा सुरातलं. पुढच्याच ओळीत मागणी येते की या लूलींना क्षणभर दरबारात येऊ दे, हे वैभवशाली. इथे लूली म्हणजे 'आम्ही', साधक. त्याच्याकडे घर नाही, मान नाही, हातही रिकामे. आणि दारात उभं राहण्याचा हक्कही दुसऱ्याच्या मर्जीवर. इथे लूलीला 'परमेश्वर' म्हणाल तर ओळच उलटी होईल, परमेश्वर स्वतःच्याच दारात भीक मागू लागेल.

दुसरी गझल जास्त प्रसिद्ध आहे: 'मन मस्त-ओ तू दीवाना, मा रा कि बरद खाना'. मी झिंगलेला, तू वेडा, आपल्याला घरी नेणार कोण? तिच्या मध्यावर येतं: 'ऐ लूली-ए-बर्बतजन, तू मस्ततरी या मन'. अरे बर्बत वाजवणाऱ्या लूली, जास्त झिंगलेला तू की मी? उत्तर कवीच देतो: तुझ्यासारख्या झिंगलेल्यापुढे माझा मंत्र म्हणजे नुसती दंतकथा. इथली लूली दारातली याचक नाही, ती कवीच्या वरचढ आहे. मंत्र घालणं हे कवीचं काम, आणि तेच इथे फिकं पडलं. प्रचलित पाठात याच्या लगेच आधीचा शेर आहे, 'तू वक्फे-खराबाती, दख्लत मय-ओ खर्जत मय'. तू गुत्त्याचा वक्फ आहेस, जमा दारू, खर्चही दारू. या वक्फातला एक दाणाही शुद्धीवरच्यांच्या हाती देऊ नकोस. जमा तेवढा खर्च, शिल्लक शून्य. शाहनाम्यातले ते गहू आठवतात की नाही?

याच गझलेत पुढे कवी घराबाहेर पडतो आणि त्याला नांगर नसलेल्या नावेसारखा हेलकावत येणारा एक मस्त भेटतो. कुठला रे तू, असं विचारल्यावर तो थट्टेने म्हणतो, 'नीमीम ज तुर्कस्तान, नीमीम ज फर्गाना'. अर्धा तुर्कस्तानचा, अर्धा फर्गान्याचा. पुढे अर्धा चिखलपाण्याचा, अर्धा जीव-काळजाचा, अर्धा समुद्रकाठ, अर्धा मोतीच मोती. बरेच जण या मस्तालाही जिप्सी म्हणून टाकतात. गझल तसं म्हणत नाही. लूली वेगळ्या शेरात आहे, हा वेगळ्या. दोघांचं बेघरपण जुळतं म्हणून त्यांना शेजारी ठेवून वाचा, पण टीपेत त्यांना एक करू नका.

आता हाफिज. त्याच्याकडे लूली बहुतेकदा प्रियकराच्या बाजूला सरकलेली दिसते. कजवीनी आणि गनी या इराणी संपादकांनी 1941 मध्ये छापलेली 495 गझलांची आवृत्ती आजही क्रमांकांसाठी सर्रास वापरतात. मीही तेच क्रमांक देतो.

तिसरी गझल सगळ्यांना माहीत असते: शिराजचा तो तुर्क माझं मन हाती घेईल तर त्याच्या हिंदू, म्हणजे काळ्या, तिळासाठी समरकंद आणि बुखारा देऊन टाकीन. तिसरा शेर: 'फुगां कीं लूलियाने-शोखे-शीरीनकारे-शहराशोब, चुनां बुर्दंद सब्र अज दिल कि तुर्कां ख्वाने-यगमा रा'. हाय, या अवखळ, गोड करामती करणाऱ्या, शहर पेटवणाऱ्या लूलींनी मनातला धीर असा लुटून नेला, जसे तुर्क लुटीच्या पंगतीवर तुटून पडतात. ख्वाने-यगमा म्हणजे पंगत मांडायची आणि शिपायांनी ती लुटून न्यायची अशी रीत. यगमा हे एका तुर्क टोळीचंही नाव. पहिल्या तीन शेरांत तुर्क, हिंदू, लूली आणि पुन्हा तुर्क असा सरळ पट मांडलाय: गोरा जेता, काळा तीळ, रंगीबेरंगी लुटारू. पण खरी गंमत चौथ्या शेरात आहे. आमच्या अपुऱ्या प्रेमाची यारच्या सौंदर्याला गरजच नाही. सुंदर चेहऱ्याला पाणी, रंग, तीळ, रेघ कशाला हवी? म्हणजे तीन शेर रंग आणि तिळांवर जीव ओवाळून कवी एकदम म्हणतो, हे सगळं वरचं आहे. लूली इथे वरवरच्या मोहाच्या सर्वांत जवळची खूण आहे आणि गझल तिला ओलांडून पुढे जाते. आध्यात्मिक वाचन करायचं तर ते या ओलांडण्याचं करावं. एक सावधगिरी: हस्तलिखितांत शेरांचा क्रम बदलतो. क्रमावर मुद्दा उभा करण्याआधी दोन आवृत्त्या ताडून पाहा.

ही गझल इंग्रजीत प्रथम गाजवली विल्यम जोन्सने, 1771 मध्ये. त्याने लूलींच्या 'सुंदर दगाबाज तरुणी' केल्या आणि पंगत लुटणाऱ्या तुर्कांचे सावज धरणारे तातार. म्हणजे लूली गेली, पंगतही गेली. ज्यांनी जोन्सवरून पुढे भाषांतर केलं त्यांना गमावलेलं काय ते कळायला मार्गच नव्हता.

सर्वांत सावकाश वाचावी अशी गझल 266वी. 'दिलम रमीदा-ए-लूलीवशीस्त शोरअंगेज, दुरूगवादा-ओ कत्तालवज्अ-ओ रंगआमेज'. एका लूलीसारख्या, कल्लोळ उठवणाऱ्याने माझं मन बिथरवलंय. वायदे खोटे, रीत जीवघेणी, आणि रंग मिसळण्यात तरबेज. पहिली गोष्ट अशी की हा लूली नाही, 'लूलीवश' आहे, लूलीसारखा. नव्वद टक्के भाषांतरांत तो 'सारखा' गळतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण गळतो खरा, आणि प्रतीकाची सगळी खुबी त्यातच आहे. कवी माणसाचं कूळ सांगत नाही, वागण्याची तऱ्हा सांगतो. दुसरी गोष्ट पाठभेदाची. काही प्रतींत 'रमीदा' म्हणजे बिथरून पळालेलं, काहींत 'रबूदा' म्हणजे हिरावलेलं. पहिल्यात मन हरणासारखं पळतं, दुसऱ्यात चोरीला जातं. चोरी हा लूलीवरचा जुना आरोप, त्यामुळे 'रबूदा' जास्त नेमकं बसतं. आणि नेमकं बसतं म्हणूनच ते कुणा नकलनवीसाने सोपं करून लिहिलं असण्याचीही शक्यता मोठी. मला 'रमीदा' पसंत आहे.

मग गझल कुठे जाते बघा. दुसऱ्या शेरात चंद्रमुखींच्या फाटक्या सदऱ्यावरून पापभीरूपणाचे हजार झगे आणि संयमाच्या खिरका, म्हणजे सूफींच्या कफन्या, ओवाळून टाकल्या आहेत. पुढे, प्रेम म्हणजे काय हे देवदूताला माहीत नाही, आदमच्या मातीवर गुलाबपाणी शिंपड. मग प्याला कफनाला बांध, कयामतीच्या पहाटेची धास्ती दारूने घालवीन. आणि शेवट: 'मियाने-आशिक-ओ माशूक हीच हायल नीस्त, तू खुद हिजाबे-खुदी हाफिज, अज मियान बरखेज'. प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम तो, यांच्यामध्ये काहीच आड नाही. हाफिज, तूच तुझा पडदा आहेस, मधून ऊठ.

खोटे वायदे करणाऱ्या, रंग मिसळणाऱ्या कुणापासून सुरू झालेली गझल 'मधून ऊठ' इथे येऊन थांबते. सुरुवातीला वाटतं, आड येतोय तो त्या लूलीवशाचा खोटेपणा. शेवटी कळतं, आड आपणच होतो. 'लूली म्हणजे ईश्वर' अशी टीप पहिल्याच शेराखाली दिली की हा प्रवासच कापला जातो, कारण वाचक मुक्कामी आधीच पोचलेला असतो. टीप द्यायचीच असेल तर शेवटच्या शेराखाली द्या.

51व्या गझलेवर जास्त वेळ घालवायला नको: निष्ठेच्या या दुष्काळात त्या मस्त लूलीचं प्रेम माझं गिऱ्हाईक झालं, हे माझं नशीब. बाजाराची भाषा आहे, आणि बेभरवशाची समजली जाणारी लूलीच दुष्काळात निष्ठावान निघते हा टोला. 279वी तर शिराजची स्तुती आहे. तिथे कवी वाऱ्याला विचारतो, त्या शंगूल, मस्त लूलीची काय खबर, कशी आहे? शंगूल म्हणजे खुशालचेंडू. पण शाहनाम्यात लूरी पाठवणाऱ्या हिंदुस्थानी राजाचं नावही शंगुलच, आणि हाफिजला असले दुहेरी शब्द फार आवडत. मला हा योगायोग वाटत नाही. कुणाला वाटला तर भांडायला मात्र पुरावा नाही. या शेराला आध्यात्मिक अर्थ चिकटवण्याची काही गरज नाही. शिराजच्या रुक्नाबाद ओढ्याचं पाणी आहे, वारा आहे, तशी लूली आहे, शहराचा एक भाग. बोस्नियाचा सूदी हा सोळाव्या शतकातला तुर्की टीकाकार हाफिज असाच व्याकरणाच्या अंगाने, जमिनीवर पाय ठेवून वाचतो. सूफी अर्थांचा पूर आला की त्याच्याकडे वळावं.

एक गोंधळ नेहमी होतो तो लूली, कलंदर आणि रिंद यांचा. तिघेही लौकिकाची पर्वा न करणारे, म्हणून तिघांना एकाच गोणीत भरतात. कलंदर हा दीक्षा घेतलेला माणूस. डोकं, दाढी, मिशा आणि भुवया असं चारही ठिकाणचं भादरून तो समाजाबाहेर जातो, स्वतःहून. रिंद हा हाफिजच्या घरचा. शहरातच राहतो, दारू पितो, धर्ममार्तंडांना ओळखून असतो. लूलीने यातलं काहीच निवडलेलं नाही. बदनामी तिच्या जन्माबरोबर आली. मलामती सूफी मुद्दाम लोकनिंदा ओढवून घेत, अहंकार मारण्यासाठी. लूलीला ती फुकट मिळते आणि त्यातून तिला मोक्ष वगैरे कोणी देऊ करत नाही. कलंदराला जे साधून मिळवायचं असतं ते लूलीच्या अंगावरच आहे, म्हणूनच कवी तिच्याकडे हेव्याने बघतात असं मला वाटतं. त्या हेव्यात खऱ्या लूलींच्या पोटापाण्याचा विचार कुठेच नाही, हेही खरं.

आधुनिक फारसीत या लोकांना 'कौली' म्हणतात. सीमीन बहबहानी (1927–2014) यांची 'कौलीवारा' ही कवितामाला 1983 च्या 'दश्ते-अर्जन' संग्रहात आहे. तिथली कौली ही गायला लावलेली, स्वतःचा आवाज मागणारी बाई आहे. ताकदीची कविता, पण ती विसाव्या शतकाची. तिच्यावरून मागे जाऊन हाफिजच्या लूलीला 'स्वातंत्र्याचं प्रतीक' ठरवणं म्हणजे नातवाचा सदरा आजोबांना घालणं.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर गंजूर या संकेतस्थळावर बहुतेक मोठ्या अभिजात कवींचे दीवान, म्हणजे कवितासंग्रह, शोधता येतात. लूली, लूरी, लूलीवश आणि लूलियान ही चारही रूपं वेगवेगळी टाका. दोन सापळे आहेत. मोत्यासाठीचा 'लूलू' हा शब्द दिसायला जवळचा, पण वेगळा; त्याला लूली धरू नका. दुसरा सापळा म्हणजे पश्चिम इराणातल्या लुरिस्तानचे लुर. ते डोंगरी पशुपालक, वेगळे लोक. लूरी दिसलं की शेजारी वाद्य आहे का बघा. अकराव्या शतकातल्या मनूचेहरी या कवीकडे लूरींची बासरी आहे, फिरदौसीकडे बर्बत.

सापडलेल्या शेराला मग तीन गोष्टी विचारा. लूली 'मी/आम्ही' आहे, 'तू' आहे की 'तो'? हातात काय आहे, वाद्य, रंग की रिकामा हात? आणि पुढचा शेर तिला उचलून धरतो की ओलांडतो? रूमीच्या पहिल्या गझलेत 'आम्ही' आणि रिकामे हात, म्हणून साधक. 266 मध्ये 'तो', रंग आणि ओलांडणं, म्हणून प्रियकर आणि पुढे स्वतःचा पडदा. 279 मध्ये 'ती', मस्ती आणि पुढच्या शेरात एक गोड पोरगा, म्हणून माणूसच.

मराठीत लिहायचं काय? 'जिप्सी' म्हटलं की आपल्याला पाडगावकरांचा जिप्सी आठवतो, मनात दडून बसलेला, रोमँटिक, एकटा. फारसी लूली घोळक्यात असते आणि पैसे घेते. 'डोंबारी' दोराला आणि ढोलकीला बरोबर, पण त्यातून प्रियकर उभा राहत नाही. 'कोल्हाटीण' नाचाला जवळची, पण ते एका हयात समाजाचं नाव; चोरी, खोटे वायदे ही विशेषणं त्याला जोडून छापणं योग्य नाही. मी 'लूली' तसंच ठेवतो. अडचण एकच, मराठी कानाला त्यात 'लुळी-पांगळी' ऐकू येते. म्हणून 'लू' दीर्घ ठेवायचा, पहिल्यांदा येईल तिथे 'भटकी वाजंत्री' असं ओळीतच सुचवायचं, आणि जमलं तर बहुवचन 'लूलीजन' वापरायचं.

लिंगाचं काय करायचं, हा त्याहून मोठा पेच. फारसीत तो-ती भेद नाही. मराठीत 'आला' लिहिलं की पुरुष, 'आली' लिहिलं की बाई, आणि गझलेतला मुद्दाम ठेवलेला धूसरपणा संपतो. 279 मध्ये लूलीच्या पुढच्याच शेरात 'शीरीन पिसर', गोड पोरगा, येतो, म्हणजे बाईच धरली तर तिथे अडकाल. (वर मी 'ती' लिहिलंय ते बोलण्याच्या सोयीसाठी.) यावर उपाय भूतकाळातल्या कर्मणी रचनेत आहे: 'मन हिरावून नेलं' यात क्रियापद मनाशी जुळतं, नेणाऱ्याशी नाही. जिथे नाम लागेलच तिथे 'जीव' घ्या. व्याकरणाने पुल्लिंगी, पण ऐकणारा त्यावरून मिशा लावत नाही. 266 चा पहिला शेर मग असा बसतो: 'मन बिथरलंय एका लूलीसारख्या जिवापायी, कल्लोळ उठवणारा, वायद्याचा खोटा, रीतीचा जीवघेणा, रंगात रंग मिसळणारा.' वृत्त यात आलेलं नाही. मुळातलं 'मुज्तस्स' मराठी मात्रांत आणायचं तर 'रंगात रंग' आधी कापावं लागेल, आणि 'सारख्या' काहीही झालं तरी वाचवावं लागेल.